नर्मदेला भरती येते असं वाचलं आणि मी ७६,६७० रुपये भरले

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे पुढे लाजेनं गिळायला नको. ७६,६७० रुपये, एका खोट्या कयाक-ट्रिपच्या नावानं गेलेले. वर टॅक्सीचे ६,५०० आणि पाच ड्राय बॅगांचे (पाणी न शिरणाऱ्या पिशव्या) ४,२५०. पण ते माझ्या हौसेचे, म्हणून यात धरत नाही. आणि मी कामाला कुठे? इंदूरला पलासियाच्या एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते. दुसऱ्यांची बिलं तपासायची, जीएसटी जुळवायचा, एका रुपयासाठी वेंडरशी भांडायचं. २२ वर्षं हेच.

ट्रिप होती नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या पाण्यावर. तीन रात्री, चार दिवस, लांब सी-कयाकमधून, म्हणजे समुद्रात वल्हवायच्या अरुंद होडीतून. काठच्या हनुवंतियाहून निघायचं, दिवसाला १२-१४ किलोमीटर वल्हवायचं, रात्री बेटावर तंबू. आपल्या इंदूरकरांना हनुवंतिया काही नवीन नाही. २०१६ पासून तिथं जल महोत्सव भरतो, तंबूंचं गाव वसतं, बोटी असतात. ९०० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं पाणी, २००४ साली अख्खं हरसूद गाव ज्याच्या पोटात गेलं. एवढ्या पाण्यावर कोणी कयाक घालतो म्हणाला तर न पटण्यासारखं त्यात काय होतं, तुम्हीच सांगा.

जाहिरात महिला मंडळाच्या ग्रुपवर फिरत आली. फोन केला तर पलीकडून अस्सल मराठी. "ताई, मी मूळचा मालवणचा. तारकर्लीला समुद्रात कयाक शिकवायचो, आता दोन वर्षं इकडेच आहे." पुण्या-मुंबईच्या लोकांना याची गंमत कळणार नाही. इथं दिवसभर भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी हिंदीत बोलायचं आणि अचानक कोणीतरी "ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका" म्हणतं. मी तिथंच विरघळले. माझा हा दादा मालवण सोडाच, महाराष्ट्रातला तरी होता की नाही, देव जाणे.

माणशी १०,८००, पाच जणांचे ५४,०००. आम्ही तिघं आणि नणंद-नंदोई. १९ नोव्हेंबरला टोकन १०,०००. २८ ला उरलेले ४४,०००. ९ डिसेंबरला कयाकचं डिपॉझिट, माणशी ३,०००, म्हणजे १५,०००, "परत मिळणार". आणि १८ ला, निघायच्या दोन दिवस आधी, ७,६७०: परवान्याचे माणशी १,१८० आणि विम्याचे ३५४. हजारावर १८ टक्के लावले की १,१८०. परवान्याच्या सरकारी फीवर हा कोण १८ टक्के लावणारा, एवढासुद्धा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. उलट हिशेब पैशापर्यंत जुळला म्हणून बरं वाटलं!

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव भलत्याच बाईचं आलं. मी विचारलं. विचारलं नाही असं नाही. "ताई, कंपनीचं करंट अकाउंट ऑडिटमध्ये आहे, हे आमच्या अकाउंटंट मॅडमचं खातं." ऑडिट चालू असताना खातं बंद पडत नाही. हे मला माहीत नसेल तर कोणाला माहीत असेल? दर वर्षी ऑडिटरला चहा-पोहे देणारी मी. तरी पिन टाकला. पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ना, पैसे त्यालाच जातात. बाकी लोगो, बिल, वेबसाइट सगळी सजावट.

आता खरी जखम. टोकन भरल्यावर त्यानं ११ पानांची सूचनापत्रिका पाठवली, आणि ती इतकी पक्की होती की शंका घ्यायला जागाच नव्हती. सुती कपडे नकोत, भिजले की वाळत नाहीत. झोपायचं सामान आणि कोरडे कपडे वेगळ्या ड्राय बॅगेत. जड सामान बसायच्या जागेजवळ, तळाशी. हलकं दोन्ही टोकांना. दुपारी वारा वाढतो म्हणून मोठं पाणी सकाळीच ओलांडायचं. स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून बसायच्या जागेवर ताणायचं कापड) म्हणजे काय, कयाक उलटली तर तो ओढून बाहेर कसं पडायचं, सगळं चित्रांसकट. आमच्या लेकीनं हॉलमध्ये गादी टाकली आणि झाडू घेऊन वल्हवायचा सराव सुरू केला. मी शेजारी बसून मोजत होते, एक-दोन, एक-दोन. आता ते आठवलं की त्या गादीवर बसवत नाही.

सहाव्या पानावर होतं: "भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून दुसऱ्या दिवसाची निघण्याची वेळ ठरवली जाईल. तंबू भरतीच्या रेषेच्या वर लावावा."

मी हे मोठ्यानं वाचत होते. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. लहानपण महेश्वरच्या घाटावर गेलेलं. मान वर न करता म्हणाल्या, "नर्मदेला कुठली गं भरती? ती तिकडे भडोचला, समुद्रापाशी."

बस. इथं थांबायचं होतं. त्या दिवशी गेले होते फक्त १०,०००. पुढचे ६६,६७० सासूबाईंच्या या एका वाक्यानंतर गेले.

पण घरात दोन शहाणे होते ना! मी म्हटलं, "अहो आई, तो मालवणचा आहे, सवयीनं लिहिलं असेल." आणि आमचे हे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, चष्मा पुसत म्हणाले, "धरणावर १,००० मेगावॉटचं वीजघर आहे. टर्बाइन चालली की पाणी खाली जातं, बंद झाली की चढतं. त्यालाच तो भरती म्हणत असेल." इतक्या अवाढव्य पाण्यात तासाभराचा फरक कोणाला दिसणार, हे त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. पण ट्रिप हवी होती. चोरानं एक खोटं लिहिलं आणि आम्ही दोघांनी बसून त्याला खांब लावून दिले. सासूबाई पुन्हा मेथीकडे वळल्या. त्यांनी आजवर एकदाही "मी म्हटलं होतं" म्हटलेलं नाही. म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

ती पत्रिका कुठल्या तरी परदेशी समुद्री ट्रिपची उचलून मराठी केलेली होती, हे आता दिसतं. फोटोत तंबूमागे चिडाची, म्हणजे पाइनची झाडं होती. निमाडात सागवान असतो हो! फोटो मोठा करून मागची झाडं बघा. माणूस खोटं हसू शकतो, झाडं नाही.

२० डिसेंबरला पहाटे साडेतीनला निघालो. भेरूघाट, मोरटक्क्याचा पूल, पुनासा, मूंदी. त्यानं पाठवलेलं लोकेशन हनुवंतियाच्या पुढे, पाण्याकाठच्या हरभऱ्याच्या शेतात संपलं. दव पडलेलं, समोर धुक्यात पाणी, माणूस ना कयाक. पाच जण, पाच नारिंगी बॅगा. शेतमालक काठी घेऊन आला, बॅगा पाहिल्या आणि काठी खाली ठेवली. "नाव वाले हो? इस महीने तुम तीसरे हो."

दादाचा फोन आधी वाजत होता, मग बंद. मेसेजवर एकच टिक. आम्ही दोन तास तिथं त्यालाच फोन लावत आणि एकमेकांवर खेकसत घालवले. हे करू नका. कळल्या क्षणी १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, नवऱ्याशी भांडण घरी जाऊन करता येतं. यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी नंबर हाताशी ठेवा, तो आधी विचारतात.

१९३० वाल्यांनी निदान ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. खरा तमाशा पुढे. तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे इंदूरहून गेले, इंदूरला जा. इंदूरच्या ठाण्यात म्हणाले, घटना खंडवा जिल्ह्यातली, तिकडे जा. सोमवारी साहेब व्हीआयपी ड्यूटीवर, मंगळवारी मुन्शीजी सुट्टीवर, बुधवारी प्रिंटर बंद. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, ठाण्यानं खबर नोंदवायची असं आहे. मी ते फोनवर काढून दाखवलं. उत्तर आलं, "मैडम, आप वकील हो क्या?" मग आणखी तासभर बाकावर. मागून आलेला एक जण म्हणाला, तुम्ही तर पिकनिकला चालला होतात ना? हो, चाललो होतो. म्हणून लुटायचं?

बँकेचं तर विचारूच नका. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या मर्जीचा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी छापून नेला. त्यांनी बोट ठेवून दाखवलं की तो ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. बरोबर आहे त्यांचं. बरोबर असण्याचाच जास्त राग येतो. शेवटी कळलं, १८ तारखेच्या पैशांपैकी २,१४० रुपये पुढच्या कुठल्याशा खात्यात होल्ड झालेत. सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा सांगितलं. वकिलानं फी सांगितली ५,०००.

बिलावरचा जीएसटी नंबर मी नंतर मोजला. सुरुवातीचे २७ मी आधीच पाहिले होते, महाराष्ट्राचा कोड, मालवणचा आहे म्हणून सोडून दिलं. अक्षरं १५ हवीत, होती १४. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून नाव बघायला एक मिनिट लागतं, ऑफिसात रोज करते. हनुवंतियाच्या बोटवाल्यांना एक फोन केला असता तरी पुरे होतं.

आठवड्यानं आणखी एक फोन, "सायबर सेल से". त्याला ७६,६७० हा आकडा रुपयासकट ठाऊक होता. ४,९९९ फाइल चार्ज भरा, रक्कम परत. हात पुन्हा फोनकडे गेलाच होता, खोटं कशाला सांगू. या वेळी लेकीनं फोन काढून घेतला. गेलेले पैसे परत आणायला जो पैसे मागतो, तो त्यांचाच दुसरा माणूस.

नणंदेच्या वाट्याचे ३०,६६८ मी परत केले. तिनं घेतले. वरचे ६८ सुद्धा.

शेतमालकाला मी माझा नंबर देऊन आले होते. जानेवारीत एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला, "बाई, फिर एक गाड़ी आई है," आणि त्यानं फोन एका मुलीच्या हातात दिला. भोपाळची होती. मागे कोणीतरी रडत होतं, कोणीतरी ओरडत होतं. शेवटचा हप्ता कधी भरला विचारलं, तर रात्री ११ वाजता. मी म्हटलं, माझ्याशी बोलू नकोस, फोन ठेव, १९३० लाव, आत्ता. ती म्हणाली, "बस एक बात, आंटी. आपको भी ज्वार-भाटा वाला पेज भेजा था?"