गुडघ्यांची सूज आणि घरचा व्यायाम: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव लिहिण्याआधी मी मुद्दाम नऊ महिने थांबले, कारण गुडघ्याचे दुखणे आपणहून कमी-जास्त होत असते आणि ते कमी होण्याच्या आठवड्यात केलेला कोणताही उपाय गुणकारी वाटतो. माझे वय ६३ आहे, राहणे सांगलीत, आणि तीस वर्षे प्राथमिक शाळेत उभे राहून शिकवण्यात गेली आहेत. उजवा गुडघा चार वर्षांपासून दुखत होता, डावा दोन वर्षांपासून. गेल्या नवरात्रात उजव्या गुडघ्याला इतकी सूज आली की वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे नाहीसे झाले आणि पाटावरून उठताना जावेने आधार द्यावा लागला.

क्ष-किरण चित्रात तिसऱ्या श्रेणीची झीज निघाली. शून्य (झीज नाही) ते चार (सर्वांत जास्त झीज) अशी ही श्रेणी केलग्रेन आणि लॉरेन्स या संशोधकांनी १९५७ साली ठरवून दिली आणि आजही तीच वापरतात. मात्र चित्रातली झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले आणि त्यामुळे मला धीर आला. मला रक्तदाब आहे. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर व जठरावर ताण येतो, म्हणून गोळ्यांचा आधार शक्य तितका कमी करायचा असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. गोळ्या पूर्ण बंद करण्याचा हट्ट मी धरलेला नाही. पूर्वी आठवड्यातून चार-पाच लागत, आता महिन्याकाठी दोन-तीन पुरतात. रक्तदाबाची गोळी अर्थातच रोजची रोज चालू आहे.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मला फिजिओथेरपिस्टनी समजावून सांगितली. सांध्यात पाणी साचले की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा संदेश आपोआप मंदावतो. माणसाने कितीही मनावर घेतले तरी तो स्नायू पुरता आवळला जात नाही, आणि स्नायू ढिला राहिला की प्रत्येक पावलाचा हिसका थेट सांध्यावर बसून सूज आणखी वाढते. म्हणून आधी सूज उतरवायची आणि मग स्नायू बळकट करायचा, हा क्रम महत्त्वाचा. मी मागची दोन वर्षे नेमके उलट करत होते. सुजलेल्या गुडघ्यानेच ‘चालल्याशिवाय मोकळा होणार नाही’ म्हणून रोज तासभर चालत होते.

सुजेसाठी थंड शेक घेतला. जेलची पिशवी सुती पंच्यात गुंडाळायची, पाय दोन उशांवर सरळ ठेवायचा आणि पंधरा मिनिटे, दिवसातून तीनदा शेकायचे. रात्रभर गुडघ्याखाली उशी ठेवून पाय वाकवून झोपायची माझी सवय मात्र सोडावी लागली, कारण त्याने तात्पुरते बरे वाटले तरी गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडत जातो. शिवणकामाचा टेप वाटीच्या वरच्या कडेला लावून मी दर रविवारी सकाळी माप घेत असे आणि ते कालनिर्णयाच्या पानावर लिहून ठेवत असे. पहिल्या रविवारी उजवीकडे ४२ सेंटिमीटर भरले. दिवाळी होऊन गेल्यावर साडेएकोणचाळीस. हाताला जाणवण्याआधी फरक टेपला दिसतो, म्हणून मापाची ही सवय मी प्रत्येकाला सुचवेन.

आमच्या घरात गुडघेदुखीवर निर्गुडीचा पाला एरंडेल लावून, तव्यावर गरम करून बांधण्याची पद्धत आहे, आणि मला तिच्याबद्दल मनापासून माया आहे. थंडीच्या सकाळी, सूज नसताना, गुडघा नुसता आखडला असेल तर त्या शेकाने खरोखरच मोकळे वाटते. पण गुडघा सुजून गरम लागत असताना पाला बांधला, तेव्हा रात्रभर ठणका लागला. गरम शेक आखडण्यासाठी आणि थंड शेक सुजेसाठी, एवढे वेगळे ठेवले की दोन्ही उपाय आपापल्या जागी उपयोगी पडतात.

व्यायाम पाहायला गेले तर अगदी साधे आहेत. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, आठ आकडे मोजायचे आणि सोडायची. सुरुवातीला माझ्या उजव्या मांडीवर हात ठेवला तर स्नायू थरथरत असे पण घट्ट होत नसे. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा तो हाताखाली कडक लागला, आणि तो क्षण मला अजून आठवतो. त्यानंतर सरळ पाय वर उचलण्याचा व्यायाम, आणि डिसेंबरपासून खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे. खुर्ची नीची वाटली म्हणून पहिला महिना तिच्यावर दुहेरी घडीची सोलापुरी चादर ठेवली होती. तीस सेकंदांत किती वेळा उठता येते याची मोजणी मी महिन्यातून एकदा करते: डिसेंबरात सहा वेळा, जूनमध्ये बारा. घोट्याला बांधायचे वजन दुकानात महाग वाटले, म्हणून जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवून त्यात स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून एक किलो वाळू भरली.

व्यायामात थोडे दुखले तर घाबरायचे नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखले किंवा सूज दिसली, तर त्या दिवशी निम्मेच करायचे. या नियमामुळे मी टिकून राहिले. मार्च महिन्यात भाचीच्या लग्नात दोन दिवस उभ्याने काढले आणि माप पुन्हा ४१ वर गेले, तेव्हा सगळे कष्ट वाया गेले असे वाटून मी रडले. परंतु शेक आणि विश्रांतीने ते आठ दिवसांत उतरले, आणि पहिल्या वेळी त्यालाच पाच आठवडे लागले होते.

या काळात वजन ७४ वरून ६८ किलोवर आले. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले होते. संध्याकाळचा चहा-खारीचा कार्यक्रम आणि रात्रीचा भात मी त्या हिशेबापायी सोडला.

निकॅपचा अनुभव संमिश्र आहे. पहिली निकॅप दुकानदाराने नजरेच्या अंदाजाने दिली. ती इतकी आवळत होती की संध्याकाळी पोटरीवर वळ उठून पाऊल सुजत असे. गुडघ्याचा घेर मोजून घेतलेली दुसरी बरी आहे. ती मी फक्त मंडईत जाताना घालते आणि घरी आल्यावर काढते, कारण तिने आधार वाटला तरी स्नायूचे काम ती करत नाही. काठीचा उपयोग मात्र अपेक्षेपेक्षा जास्त झाला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि मूठ मनगटाच्या रेषेला येईल एवढीच उंच ठेवायची, हे कोणी सांगेपर्यंत मी ती चुकीच्या हातात धरत होते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हेही आता अंगवळणी पडले आहे.

सांध्यांसाठी पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या मी तीन महिने घेतल्या. मापात आणि मोजणीत काडीचा फरक पडला नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनांतही गुडघ्याच्या झिजेसाठी त्यांची शिफारस केलेली नाही, हे मला पैसे खर्च झाल्यावर कळले.

घरात बदल करावे लागले. विळीवर बसून भाजी चिरणे बंद करून टेबलावर सुरी-पाट घेतला, फरशी उभ्याने पुसण्याचा दांडा आणला, आणि जुन्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवली. उकिडवे बसताना गुडघा पूर्ण मिटतो आणि वाटीमागचा दाब फार वाढतो. या एका बदलाने पहाटेचे दुखणे जेवढे कमी झाले, तेवढे कोणत्याही तेलाने झाले नव्हते.

माझा अनुभव झिजेच्या संधिवाताचा आहे. ज्यांना सकाळी तासाहून अधिक वेळ सांधे आखडतात आणि बोटांचे सांधेही सुजतात, त्यांना आमवात असू शकतो आणि त्यात औषधे टाळणे घातक ठरते. गुडघा अचानक लाल व गरम होऊन ताप आला, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर शेकत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आज मला मांडी घालून बसता येत नाही, आणि बहुधा पुढेही येणार नाही; हळदीकुंकवाला मी खुर्ची मागून घेते. कृष्णाकाठी जाऊन-येऊन चाळीस मिनिटे मात्र काठीशिवाय चालते. वाळूची पिशवी गेल्या आठवड्यात दीड किलोची केली आहे आणि रविवारचे माप साडेएकोणचाळीसच भरले, म्हणून पुढचा महिनाभर ती तेवढीच ठेवणार आहे.