केदारनाथसाठी घेतलेले घोट्यापर्यंतचे बूट : दिवाळी ते पोळा

मागच्या दिवाळीत घेतलेले बूट परवाच्या पोळ्यापर्यंत रगडून वापरले. अंबाजोगाईचं ऊन, केदारनाथची चढण आणि शेतातला चिखल या तिन्हींतून ते गेले, म्हणून आता सविस्तर लिहितो.

परळी, औंढा आणि वेरूळ ही तीन ज्योतिर्लिंगं आपल्या मराठवाड्यातच आहेत, त्यामुळे "आता एकदा केदारनाथ" हे आमच्याकडे घरोघरी ऐकू येतं. तयारी मात्र रेल्वेच्या तिकिटापासून सुरू होऊन रजिस्ट्रेशनपाशी संपते, आणि पायात काय घालायचं ते निघायच्या आदल्या आठवड्यात ठरतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. हिवाळ्यात बंद असलेलं मंदिर उघडायची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात, म्हणजे केदारनाथाच्या हिवाळी मुक्कामी, जाहीर होते. तोवर तुमचे बूट पायात मुरलेले पाहिजेत.

मी घेतलेले बूट मधल्या किमतीचे, घोटा झाकणारे, आत वॉटरप्रूफ पडदा असलेले आणि तळाला खोल खाचांचं रबर असलेले आहेत. दुकानात संध्याकाळी गेलो, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. जाड मोजे घालून, पुढे बोटभर जागा राहील असा नंबर घेतला. नेहमीच्या चपलेपेक्षा तो एकाने मोठा निघाला. ही जागा उतरताना लागते. चढताना सगळा भार टाचेवर आणि चवड्यावर येतो, पण उतरताना पाय पुढे सरकून नखं बुटावर आपटत राहतात.

पायी वाट सुरू होते ते गौरीकुंड साधारण १,९८२ मीटरवर आहे आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर. म्हणजे सोळा किलोमीटरच्या वाटेत सोळाशे मीटर चढायचं. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची अख्खी उंची १,६४६ मीटर, यावरून अंदाज घ्या. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात एवढा सलग चढ नाही. म्हणून मुकुंदराजांच्या समाधीकडची दरी परत परत उतरायची-चढायची, रविवारी धारूरचा किल्ला करायचा आणि एरवी पाठीवर भरलेली सॅक घेऊन घराच्या जिन्यावर खालीवर करायचं, असा क्रम ठेवला. बूट प्रत्येक वेळी तेच.

थंडीत काहीच त्रास झाला नाही. खरी परीक्षा होळीनंतर झाली. वॉटरप्रूफ पडदा पाणी आत येऊ देत नाही, तसा घामही सहज बाहेर सोडत नाही. सकाळी आठनंतर पाय अक्षरशः उकडायचे, मोजे पिळले तर पाणी निघायचं. टाचेला फोड आले ते सुती मोज्यांमुळे. लोकरमिश्रित मोजे आणल्यावर ते थांबले. पहाटे पाचला निघून ऊन तापायच्या आत परतायचं, एवढं पाळलं की हे बूट आपल्याकडे चालतात. मे महिन्यात दुपारी घालायची ही वस्तू नाही.

कंपनीची आतली गादी अगदीच साधी होती, दोन महिन्यांत बसली. वेगळी घेऊन टाकली आणि फरक लगेच जाणवला. नाडी गोल आणि गुळगुळीत असल्याने सुटायची. घोट्याच्या वळणावर दोन वेढे जास्त देऊन मग वरचे हूक भरले की टाच जागेवर धरून राहते.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, पुढे हरिद्वार, आणि गुप्तकाशीला मुद्दाम मुक्काम. सोनप्रयागच्या पुढे आपली गाडी सोडत नाहीत, तिथून जीपने गौरीकुंड. ताई आणि दाजी बरोबर होते. दाजींच्या पायात रोजचे जाळीचे धावायचे बूट.

केदारनाथची वाट म्हणजे रानातली पायवाट नव्हे. बराचसा रस्ता दगडी फरसबंदीचा आणि पायऱ्यांचा आहे, आणि त्यावरून दिवसभर खेचरं चालतात. पाऊस पडला की लीद आणि पाणी मिळून दगडावर हिरवट-तपकिरी थर बसतो. भीमबलीच्या पुढे पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, तिथे माझ्या पुढचे दोघे घसरले. माझ्या बुटांची पकड या ओल्या दगडावर मजबूत राहिली. पुलावरच्या ओल्या लोखंडी पत्र्यावर मात्र ती कमी पडते, तिथे काठी टेकूनच पाऊल टाकावं. २०१३ च्या पुरात रामबाडा हा वाटेवरचा थांबा वाहून गेला आणि वाट नदीपलीकडे वळवली. तिथून लिंचोलीपर्यंतचा चढ छातीत भरतो. वरती हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांहून थोडा कमीच असतो, त्यामुळे पायातलं प्रत्येक शंभर ग्रॅम कळतं. सैनिकी थाटाचे जड बूट घेऊ नका, हे त्यासाठीच सांगतो. आणि डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या तर वर जायचा हट्ट न धरता माणसाला खाली आणायचं, यात तडजोड नाही.

लिंचोलीला दुपारी पाऊस आला. बुटाच्या चामड्यातून थेंबही आत आला नाही, पण पँटवरून ओघळलेलं पाणी वरच्या तोंडातून आत शिरलं. वॉटरप्रूफ बुटात एकदा पाणी शिरलं की ते आतच राहतं. रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवले, ओले झाले की बदलले, तरी सकाळी बूट दमटच होते. दाजी म्हणाले, "आमचे साधे बूट बरे, वाळले बी लवकर." ते बरोबर होतं, त्यांचे बूट सकाळी जवळजवळ कोरडे होते. मात्र उतरताना त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं निळी पडली आणि जंगलचट्टीपासून ताईने त्यांची सॅक घेतली. माझी बोटं शाबूत राहिली. बुटांवरून खाली येणारी पावसाळी पँट आणि मुक्कामासाठी हलकी चप्पल, या दोन वस्तू या बुटांबरोबर घ्यायच्याच.

काठी गौरीकुंडला लाकडी मिळते, टोकाला लोखंड लावलेली. चढायला ती पुरते. उतरताना लांबी वाढवता येणारी ॲल्युमिनियमची काठी गुडघ्यांना जास्त सांभाळते. पिळून घट्ट करायची घेऊ नका, खटका असलेली घ्या.

परत आल्यावर पावसाळ्यात बूट शेतात घातले. काळी माती खाचांमध्ये गच्च बसते आणि चार पावलांत पाय उचलेना होतो. या मातीसाठी आपले गमबूटच खरे. श्रावणात उजव्या बुटाच्या पुढचं रबर सुटलं. दुकानदाराने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. शेवटी गावातल्या चांभारकाकांनी चिकटवून दिलं. ते शिवायलाच निघाले होते, पण सुईने आतल्या पडद्याला भोकं पडली असती, म्हणून फक्त डिंकावर भागवलं. अजून टिकलंय. धुतल्यावर उन्हात न ठेवता सावलीत वाळवतो. आणि कुणा नातेवाईकाचे कपाटात चार-पाच वर्षं पडलेले असे बूट उसने नेऊ नका. काही बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. तो हवेतल्या ओलाव्याने न वापरताही कुजतो आणि ऐन वाटेत तुकडे होऊन गळतो.

मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरात केदारनाथला पायी जाणाऱ्याने असे बूट जरूर घ्यावेत, मात्र निदान तीन-चार महिने आधी. खेचराने किंवा हेलिकॉप्टरने जाणाऱ्याला चांगल्या पकडीचे साधे बूट पुरतील. पुढच्या वर्षी आमचं तुंगनाथ, म्हणजे तिकडचंच दुसरं शिवमंदिर, ठरतंय. ते ३,६८० मीटरवर असलं तरी चोपत्याहून वाट जेमतेम चार किलोमीटरची आहे. दाजींनी त्यासाठी आत्ताच एक नंबर मोठे बूट घेतलेत आणि सध्या ते घालून रोज परळीच्या वैद्यनाथाच्या पायऱ्या चढतात.