व्यसनमुक्ती केंद्रातील कुटुंब-कार्यक्रम : नातेवाइकांच्या बाजूने एक परीक्षण

माझ्या थोरल्या भावाला दारूच्या व्यसनावरील उपचारांसाठी ज्या केंद्रात दाखल केले होते, तेथे नातेवाइकांसाठी चालवल्या जाणाऱ्या कुटुंब-कार्यक्रमाचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी जाणूनबुजून देत नाही. गट लहान असतो आणि त्यात सोबत बसलेल्या माणसांची ओळख माझ्या लिहिण्यातून उघड होणे योग्य नाही. दादाच्या उपचारांचे मूल्यमापन करण्याचा अधिकारही माझा नाही, तो त्याचा आहे. मी, आई आणि वहिनी अशा तिघींना या सेवेतून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. माझे मत आधीच सांगते : कार्यक्रम अतिशय चांगला आहे, त्यात दोन गंभीर उणिवा आहेत, आणि त्या असूनही मी तो इतरांना आग्रहाने सुचवते.

याआधी दादा दुसऱ्या एका केंद्रात राहून आला होता. तेथे नातेवाइकांचे काम तीन गोष्टींपुरते होते : अर्जावर सही करायची, शुल्क भरायचे आणि ठरलेल्या दिवशी त्याला न्यायला यायचे. मधल्या काळात फोन करायला मनाई होती. परत येताना हातात औषधांची चिठ्ठी मिळाली आणि ‘त्याच्या हातात पैसे देऊ नका, लक्ष ठेवा’ एवढी सूचना. लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. मग घरात जे व्हायचे तेच झाले. वहिनी त्याच्या खिशांची झडती घेऊ लागली, आई त्याच्या श्वासाचा वास घेऊ लागली, आणि दादा पीत नसतानाही संशयित म्हणूनच वावरू लागला. त्या केंद्राने रुग्णाला बरे करून पाठवले असेलही, पण ज्या घरात तो परतला ते घर होते तसेच राहिले होते. तेच भांडण, तीच भीती, खोटे बोलण्याची तीच सवय.

नव्या केंद्रात पहिला फरक पहिल्याच भेटीत जाणवला. समुपदेशक ताईंनी दादाची माहिती घेतल्यानंतर आम्हा तिघींना वेगवेगळे बोलावले. तो किती पितो, हे त्यांनी आम्हाला विचारलेच नाही. तुम्हाला झोप किती लागते, डोके किती दिवसांपासून दुखते, त्याच्यासाठी तुम्ही कोणाशी खोटे बोललात, घरी येणे-जाणे कोणाचे बंद झाले, स्वतःच्या दुखण्यासाठी डॉक्टरांकडे शेवटचे कधी गेलात, असे प्रश्न होते. आईला तिच्या वाढलेल्या रक्तदाबाविषयी बोलावेसे वाटले, आणि ते ऐकून घेणारे कोणी आहे याचेच तिला आश्चर्य वाटले.

या पद्धतीमागे एक विचार आहे. ब्रिटनमधील जिम ऑरफर्ड, अ‍ॅलेक्स कोपेलो, रिचर्ड वेलमन आणि लॉर्ना टेम्पलटन या संशोधकांनी व्यसनी माणसाच्या नातेवाइकांकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी मांडली. त्याआधी पुष्कळ काळ असे मानले जाई की, व्यसनी माणसाची पत्नी किंवा आई स्वतःच मनाने आजारी असते आणि तीच नकळत ते व्यसन पोसत असते. या संशोधकांचे म्हणणे त्याच्या उलट आहे. नातेवाईक ही दीर्घकाळ ताणाखाली राहणारी सामान्य माणसे असतात, त्यांची निद्रानाश, चिंता, खिन्नता आणि शारीरिक दुखणी हा त्या ताणाचा परिणाम असतो, आणि योग्य माहिती व आधार मिळाला तर तो परिणाम कमी करता येतो, मग व्यसनी माणूस पिणे थांबवो अथवा न थांबवो. केंद्रातील गटाची सगळी आखणी याच पायावर होती. वर्षानुवर्षे ‘तूच त्याला लाडावून ठेवलेस’ हे ऐकलेल्या आईसाठी यातला प्रत्येक शब्द औषधासारखा होता.

याच मांडणीतील एक भाग गटात पुष्कळ वेळ घेऊन समजावला गेला, आणि माझ्या मते तोच या सेवेचा गाभा आहे. व्यसनाला तोंड देण्याच्या नातेवाइकांच्या साधारण तीन तऱ्हा असतात : सोसत राहणे, समोर उभे राहून बदल घडवण्याचा प्रयत्न करणे, आणि अंग काढून घेऊन स्वतःचे आयुष्य सांभाळणे. आमच्या घरात या तिन्ही एकाच वेळी चालू होत्या. आई सोसत होती, वहिनी भांडत होती आणि मी दूर गेले होते. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येकीला दुसरीची तऱ्हा हेच दादाच्या पिण्याचे कारण वाटत होते. समुपदेशकांनी यांपैकी कोणतीही एक बरोबर ठरवली नाही. प्रत्येकीतून काय साधते आणि त्याची काय किंमत मोजावी लागते, हे त्यांनी आमच्याकडूनच फळ्यावर लिहून घेतले. वहिनीच्या भांडणातून दादाला निदान एवढे कळत होते की त्याचे पिणे कोणी गृहीत धरलेले नाही, पण त्या भांडणाने तिची स्वतःची ताकद संपत चालली होती. त्या दिवशी आई आणि वहिनी दादाला सोडून एकमेकींविषयी बोलल्या, हे मला फार मोलाचे वाटते. व्यसन घरातल्या माणसांना आधी एकमेकांपासून तोडते, आणि त्या तुटण्यावर उपचार करणारी सेवा विरळा असते.

वैद्यकीय माहितीचे सत्र डॉक्टरांनी स्वतः घेतले. ते लांबले, पण त्यातला एक शब्दही वगळावा असे मला वाटत नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून त्याची दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. शेवटची दारू प्यायल्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, थरकाप, ताप आणि कमालीची अस्वस्थता असलेली डिलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था उद्भवू शकते, जिच्यावर रुग्णालयातच उपचार करावे लागतात. पिणाऱ्याला न सांगता, लपून गोळी देण्याविषयीही डॉक्टर कठोर शब्दांत बोलले. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध घेतलेल्या माणसाच्या शरीरात दारू गेली तर चेहरा लालबुंद होतो, धडधड आणि उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदयविकार असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम जवळजवळ दोन आठवडे टिकू शकतो. म्हणून ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते. गटातील दोन-तीन चेहरे त्या वेळी खाली गेले. डॉक्टरांनी कोणालाच दोष दिला नाही, पण जाहिरातीतून मिळणाऱ्या निनावी पुड्यांत काय असते हे कोणालाच माहीत नसते, एवढे त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्यांच्या घरी अफूजन्य पदार्थांचे व्यसन होते त्यांना त्यांनी वेगळे थांबवून घेतले, कारण काही काळ पदार्थ बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर श्वास थांबू शकतो. अशा वेळी नॅलॉक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम उतरवणारे औषध कसे वापरायचे, तेही त्यांना शिकवले गेले. ही माहिती कोणत्याही केंद्राने पहिल्याच दिवशी आणि विनाअट द्यायला हवी.

संवादाच्या सरावाची सत्रे मला सुरुवातीला कृत्रिम वाटली. एकीने दादा व्हायचे, दुसरीने वहिनी, आणि ठरलेले वाक्य म्हणायचे. पण ‘तू पुन्हा सुरू केलेस ना’ आणि ‘काल तू प्यायला नव्हतास, आपण निवांत बोललो, मला फार बरे वाटले’ या दोन वाक्यांमधले अंतर तोंडाने म्हटल्यावाचून समजत नाही. हा भाग अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेल्या ‘क्राफ्ट’ या पद्धतीवर आधारलेला होता. माणूस शुद्धीत असताना त्याच्याजवळ राहायचे, ते क्षण सुखाचे करायचे. तो पिऊन आला की शांतपणे बाजूला व्हायचे, आणि पिण्याचे जे परिणाम आपोआप त्याच्यापर्यंत पोहोचतात ते मध्ये पडून झेलायचे नाहीत. उपचारांना नकार देणाऱ्या माणसांच्या 130 नातेवाइकांवर झालेला आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला सांगण्यात आला. क्राफ्ट शिकलेल्या नातेवाइकांपैकी 64 टक्क्यांना आपला माणूस उपचारांपर्यंत आणता आला, सगळ्यांनी मिळून अचानक समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होते, तर अल-अनॉन या नातेवाइकांच्या स्वयंसाहाय्य गटांकडे वळवलेल्यांत 13 टक्के.

येथे समुपदेशकांचा प्रामाणिकपणा मला आवडला. हे आकडे दाखवून त्यांनी अल-अनॉनला कमी लेखले नाही. 1951 मध्ये सुरू झालेल्या त्या गटांचा उद्देश व्यसनी माणसाला उपचारांपर्यंत आणणे हा मुळातच नाही. नातेवाइकाने स्वतःचे मन सावरणे हाच आहे, तेव्हा त्याच मापाने त्याला तोलावे, असे त्यांनी बजावले. वहिनीला क्राफ्टचा उपयोग झाला. आईला मात्र अल-अनॉनच्या सभेतच शांत वाटते, कारण तेथे तिला काही करून दाखवावे लागत नाही.

संयुक्त सत्रे दादाच्या लेखी संमतीनंतरच सुरू झाली. त्याने समुपदेशकांना खासगीत सांगितलेले काहीही आम्हाला कळले नाही, आणि आम्ही सांगितलेले त्याला कळले नाही. वहिनीला हे आधी खटकले. इतके सोसल्यावर आपल्याला सगळे कळण्याचा हक्क आहे असे तिला वाटत होते, आणि तिचे वाटणे मी समजू शकते. तरीही केंद्राने ही रेषा पुसली नाही हे योग्यच झाले, कारण बोललेले घरी पोहोचेल या भीतीने रुग्ण तेथेही खोटेच बोलला असता. याच सत्रांत पती-पत्नींमध्ये एक रोजचा करार ठरला. सकाळी दादाने आजच्या दिवसापुरते न पिण्याचे म्हणायचे, वहिनीसमोर गोळी घ्यायची, वहिनीने त्याबद्दल त्याला धन्यवाद द्यायचे आणि नंतर दिवसभर जुने पिणे काढायचे नाही. झडती थांबली ती या करारामुळे. वर्तनाधारित दांपत्य-उपचारांमध्ये असा करार वापरला जातो. त्यात पहारा राहत नाही, आणि विश्वास मोजता येईल इतका छोटा केला जातो.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव मुलांची आहे. माझी भाची शाळकरी आहे. बाबा कोणत्या पावलांनी जिना चढतात यावरून रात्र कशी जाणार हे तिला ओळखता येते. तिच्यासाठी या केंद्रात काहीही नव्हते. गटाच्या वेळी ती बाहेरच्या बाकावर चित्रे काढत बसे. व्यसनी पालकाच्या मुलाला तीन गोष्टी त्याच्या वयाच्या भाषेत ऐकायला मिळायला हव्यात : हे तुझ्यामुळे झालेले नाही, हे थांबवणे तुझे काम नाही, आणि याविषयी तू बोलू शकतोस. किशोरवयीन मुलांचे अलाटीन गट 1957 पासून अस्तित्वात आहेत, म्हणजे ही गरज कोणाला नव्याने शोधून काढायची नाही. केंद्राच्या अभिप्राय-पत्रकात मी हे सविस्तर लिहिले आहे. समुपदेशक ताईंनी प्रशिक्षित मनुष्यबळ नसल्याचे सांगितले. ते खरेही असेल, पण तोपर्यंत निदान एका बालसमुपदेशकाचे नाव सुचवणे अशक्य नव्हते.

दुसरी उणीव अशी की, गट बायका आणि आयांना समोर धरून आखलेला आहे. पत्नीच्या व्यसनासाठी आलेले एक गृहस्थ दोनदा आले आणि नंतर यायचे थांबले. उदाहरणे, सरावाची वाक्ये, हस्तपत्रिका यांत पिणारा नेहमी पुरुषच होता. स्त्रीच्या व्यसनाभोवतीची लाज अधिक दाट असते, आणि तिच्या नातेवाइकांना त्या लाजेसह आत घेणारी जागा येथे नाही. सत्रांची वेळ कामाच्या दिवशी दुपारी आहे, हीसुद्धा नोकरी करणाऱ्यांसाठी अडचणच.

घरी परतल्यावर काही काळाने दादा पुन्हा प्यायला. व्यसन पुन्हा उफाळण्याचे प्रमाण 40 ते 60 टक्के मानले जाते, दमा किंवा उच्च रक्तदाबासारख्या दीर्घ आजारांतही ते जवळपास तेवढेच असते, हे आम्हाला आधी सांगितलेले होते. म्हणून घरात आरडाओरड झाली नाही. काय करायचे हे आम्ही दादासोबतच कागदावर लिहून ठेवले होते : कोणाला फोन करायचा, कोणी बोलायचे, भाचीने त्या रात्री कोठे झोपायचे. तो कागद काढला आणि त्याप्रमाणे केले. दादा काही दिवस केंद्रात जायला तयार नव्हता. त्या काळातही आमचा गट आमच्यासाठी चालू राहिला, आणि मी या सेवेला उत्तम म्हणते त्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. रुग्ण आला नाही म्हणून नातेवाइकांची खुर्ची काढून घेतली गेली नाही. नंतर तो स्वतःच सत्राला आला. आज तो पीत नाही, पुढचे मी लिहू शकत नाही.

एक इशारा देणे आवश्यक आहे. ज्या घरात मारहाण होते, तेथे हा कार्यक्रम जसाच्या तसा वापरू नये. पिण्याचे परिणाम त्याच्यावर सोडून द्या, हा सल्ला अशा घरात बाईच्या अंगावर येऊ शकतो, आणि संयुक्त सत्रात बोललेल्या वाक्याची शिक्षा तिला घरी भोगावी लागू शकते. या केंद्रात पहिल्या भेटीत प्रत्येक नातेवाइकाला एकांतात हिंसेविषयी विचारले जाते, आणि उत्तर ‘हो’ असेल तर संयुक्त सत्र पुढे ढकलून आधी तिच्या व मुलांच्या सुरक्षिततेची योजना केली जाते. तुम्ही कोणतेही केंद्र निवडणार असाल तर नातेवाइकांना एकटे भेटता का, रुग्ण निघून गेला तरी आम्ही येऊ शकतो का, आणि मुलांसाठी काय आहे, हे प्रवेशापूर्वीच विचारा, आणि मिळालेली उत्तरे लिहून घ्या.