टेट्राकिस मागवलंय? बाटली आली की आधी रंग बघा

आमच्या लॅबने मागच्या महिन्यात एका सप्लायरकडून टेट्राकिस मागवलं, म्हणजे टेट्राकिस ट्रायफिनाईलफॉस्फिन पॅलेडियम हा उत्प्रेरक, १ ग्रॅमची बाटली, सुझुकी कपलिंगसाठी (दोन कार्बनी तुकडे जोडणारी रिॲक्शन). लेबलवर ९९ टक्के. झाकण उघडलं तर पावडर हिरवट तपकिरी! चांगलं टेट्राकिस पिवळंधमक असतं, हळदीसारखं, आणि हवा लागली की पॅलेडियमला धरून असलेल्या फॉस्फिनचं ऑक्साईड होत जातं, पॅलेडियम उघडं पडतं आणि रंग काळवंडतो. बाटलीला ना सील ना आर्गॉन (हवा दूर ठेवणारा निष्क्रिय वायू), साध्या खोक्यात भर उन्हाळ्यात कुरिअरने आलेली.

तरी म्हटलं वापरून बघू. ४-ब्रोमोॲनिसोल आणि फिनाईल बोरॉनिक ॲसिड, ५ मोल टक्के टेट्राकिस, ९० डिग्रीला रात्रभर. सकाळी टीएलसीवर (रिॲक्शन किती झाली ते दाखवणारी पट्टी) ब्रोमाईड, म्हणजे ४-ब्रोमोॲनिसोल, जवळजवळ तसंच्या तसं, आणि फ्लास्कच्या काचेला काळा आरसा चढलेला. फॉस्फरस एनएमआर (फॉस्फरस कुठल्या रूपात आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम) काढला तर ऑक्साईडचा पीक २५ पीपीएमच्या आसपास ताठ उभा. खरं तर चारातले दोन फॉस्फिन सुटून जे पॅलेडियम उरतं तेच कार्बन-ब्रोमीन बॉण्डमध्ये शिरतं, पण फॉस्फिनच जळून गेल्यावर त्याला सांभाळणार कोण, ते एकमेकांना चिकटून काळं होऊन खालीच बसणार.

कंपनीला फोटो आणि स्पेक्ट्रम पाठवले, बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, रंगात थोडा फरक नॉर्मल आहे. बदलून दिलं नाही. एवढं महाग केमिकल, त्यात स्कॉलरशिपवर चालणाऱ्या पोरांचा आठवडा गेला, याचा फार राग आला.

मग घरचंच केलं. १९७२ पासून छापील असलेली कृती आहे, आम्ही तिच्या दहाव्या भागाने केली: पॅलेडियम क्लोराईड १.७७ ग्रॅम, ट्रायफिनाईलफॉस्फिन १३.१ ग्रॅम, डीएमएसओ (सॉल्व्हंट) १२० मिली, नायट्रोजनखाली १४० डिग्रीपर्यंत तापवायचं, सगळं विरघळून पारदर्शक झालं की हीटिंग बंद करून हायड्राझिन हायड्रेट २ ग्रॅम मिनिटभरात सोडायचं. जोरात फसफसतं, नायट्रोजन निघतो, त्यामुळे हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा आणि गॅसला बाहेर पडायला वाट ठेवा, हायड्राझिन विषारी आहे. थंड होताना फ्लास्कभर पिवळे स्फटिक पडायला लागले तेव्हा ज्युनिअर पोरगी अक्षरशः ओरडली, सर बघा बघा! इथेनॉल, मग ईथरने धुऊन १० ग्रॅमच्या वर मिळालं. तेच कपलिंग परत लावलं, ४ तासांत ब्रोमाईड संपलं.

बाटलीला एक स्टार, तोही डिलिव्हरी वेळेवर आली म्हणून. आता आमचं टेट्राकिस छोट्या वायल्समध्ये आर्गॉनखाली, फॉइल गुंडाळून फ्रीजरमध्ये असतं. कोणाला आर्गॉन भरून, थंड पॅक करून पाठवणारा सप्लायर माहीत असेल तर प्लीज सांगा, पॅलेडियम क्लोराईड संपत आलंय.