नववी-दहावीच्या वर्गासाठी प्रोजेक्टर की इंटरॅक्टिव्ह पॅनेल?

निधी एकाच वर्गापुरता असला की शाळा इथेच अडते: प्रोजेक्टर घ्यावा की इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने लिहिता येणारा मोठा टचस्क्रीन? कॅटलॉगमधली 'स्मार्ट' विशेषणं सोडा, आधी टेपने शेवटचा बाक मोजा.

चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत बारीक अक्षर वाचता येतं, हा ढोबळ हिशोब. ७५ इंची पॅनेलची उंची साधारण ९३ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच मीटर. साठ मुलांच्या लांबट वर्गात शेवटचा बाक सात मीटरवर असतो. तिथल्या मुलाला समीकरणातला घातांक दिसणारच नाही. प्रोजेक्टरवर १०० इंची चित्र घेतलं तर मर्यादा साडेसात मीटरवर जाते. मात्र खिडक्यांना पडदे हवेत, आणि प्रोजेक्टरचा उजेड किमान ३,५०० ल्युमेन (प्रकाश मोजण्याचं एकक). पॅनेलला उजेडाची फारशी पर्वा नसते.

खर्चात प्रोजेक्टर सहसा स्वस्त, पण दिव्याच्या मॉडेलचा दिवा काही हजार तासांत बदलावा लागतो. खडूच्या धुळीने फिल्टर तुंबला की यंत्र तापून बंद पडतं. दर महिन्याला ब्रशने झाडा. वीज अचानक गेली की पंखा थांबतो, गरम दिवा निवत नाही आणि त्याचं आयुष्य घटतं. छोटा यूपीएस लावाच. पॅनेलला हा व्याप नाही, पण काच फुटली तर दुरुस्ती जवळपास नव्याच्या किमतीला जाते. शिवाय वजन पन्नास किलोच्या आसपास, त्यामुळे जुन्या भिंतीपेक्षा चाकांचा स्टँड बरा.

भूमितीची रचना, कोडिंग असं पडद्यावरच लिहून-खोडून शिकवायचं असेल आणि वर्ग चाळिशीच्या आत, आटोपशीर असेल, तर पॅनेल. मोठा वर्ग, मुख्यतः व्हिडिओ आणि आकृत्या, हात आखडता असेल, तर प्रोजेक्टर.