ओबीएस स्टुडिओ, आठ महिने: मीटिंगमध्ये म्यूट, फाईलमध्ये नाही

रात्री सव्वानऊला आत्याचा फोन आला. "बाळा, विहीर कोण उपसलं रे?"

मला आधी काही कळेना. मग कळलं, तेव्हा जेवणाचं ताट सरकवून उठलो. पण ते नंतर.

ओबीएस म्हणजे कॉम्प्युटरची स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, २०१२ पासून आहे, गेम खेळणारी पोरं वापरतात. मी गेम खेळत नाही. आमच्यात जमिनीची वाटणी चाललीय.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात दोन एकर तेरा गुंठे रान आणि एक विहीर. वाटेकरी पुण्यात, मुंबईत, म्हापशात, आणि गावात मी. उतारा कन्नडमध्ये, त्यामुळे पुणेकरांची प्रत्येक मीटिंग "हाच तुमचा सातबारा का?" इथून सुरू होते. दर रविवारी रात्री ऑनलाइन बसतो. खातं फुकटचं, म्हणजे चाळीस मिनिटं झाली की सगळे बाहेर, परत लिंक, परत "ऐकू येतंय का?". ॲपमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे, पण होस्टनं परवानगी दिली तर. होस्ट पुण्याचा चुलतभाऊ. ज्या रविवारी त्यानं रस्त्याला आठ फूट सोडायचं कबूल केलं, नेमकं त्याच रविवारी रेकॉर्डिंग करायचं राहिलं. पुढच्या रविवारी म्हणतो, "मी असं कुठं म्हटलो?"

त्या रात्रीच ओबीएस उतरवून घेतलं. आपल्या स्क्रीनवर जे दिसतंय, कानात जे पडतंय, ते आपणच धरून ठेवायचं. होस्टची मिनतवारी नको.

पहिल्या दिवशी नुसता काळा पडदा आला. विंडो कॅप्चरमध्ये (मीटिंगची खिडकी धरायची सोय) पद्धत 'विंडोज १०'ची निवडली, सुटलं.

दुसरा फटका जुलैत बसला, आणि चूक माझी. लॅपटॉप बेळगावच्या खडेबाजारातून घेतलेला वापरलेला, बॅटरी मेलेली, करंटवरच चालतो. व्हॉट्सॲपवर टाकायला सोपं म्हणून मी फाईल एमपी४मध्ये ठेवली होती. आमच्याकडे जुलैचा पाऊस कसा असतो ते जांबोटी-कणकुंबीकडच्यांना सांगायला नको. बावन्नाव्या मिनिटाला करंट गेला. परत आला तेव्हा फाईल जागेवर होती, साइज पण होती, उघडत मात्र कशातच नव्हती. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका अगदी शेवटी, 'स्टॉप' दाबल्यावर लिहिली जाते. त्याआधी मशीन बंद पडलं की आत सगळं असूनही काही हाती लागत नाही. एमकेव्ही हा दुसरा फाईल प्रकार, त्याचं तसं नाही, जिथंपर्यंत झालं तिथंपर्यंत वाजतं. ओबीएसनं मुळात एमकेव्हीच ठेवलं होतं, मीच शहाणपणा करून बदललं. आता एमकेव्हीतच रेकॉर्ड करतो आणि मग फाईल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'मधून एमपी४ काढतो. चहा ओतेपर्यंत होतंय.

साइजचं गणित कंजूष माणसानं आधी करावं. व्हिडिओला २५०० केबीपीएस (सेकंदाला किती डेटा लिहायचा ते) ठेवलं तर तासाला जवळजवळ सव्वा जीबी. आमच्या मीटिंगमध्ये बघण्यासारखं काय, तर काकांचं कपाळ आणि फिरता पंखा. व्हिडिओ ६००वर आणला, सेकंदाला दहा फ्रेम, आवाज ९६. तासाला सव्वातीनशे एमबीच्या आत बसलं. उताऱ्यावरचे आकडे कुणी स्क्रीनवर दाखवले तरी वाचता येतात. थोरल्या काकांना व्हीएलसी प्लेअरमधून नुसता आवाज काढून पाठवतो, तो तासाला त्रेचाळीसेक एमबी. ते सकाळी फिरताना ऐकतात आणि परत येऊन भांडतात.

आता माईक. या रिव्ह्यूचं खरं कारण हेच.

मीटिंगच्या ॲपमध्ये म्यूट दाबलं की आपला आवाज मीटिंगला जात नाही. ओबीएसला जातो. ओबीएस मीटिंगमधून माईक घेत नाही, थेट मशीनकडून घेतं. तुमचं म्यूट त्याच्या गावीही नसतं. आठ महिन्यांपूर्वी हे मला कुणी सांगितलं असतं तर घरात दोन दिवस सुखानं जेवलो असतो. थोरले काका म्हणाले, "विहिरीत आमचा अर्धा वाटा." मी म्यूटवर होतो. बायकोला म्हणालो, "विहीर उपसायला आले नाहीत कधी, वाटा मागायला बरोबर आले." बायको पण काहीतरी म्हणाली, ते इथं लिहीत नाही, पण फाईलमध्ये आहे. स्वच्छ. मीटिंगमध्ये कुणाचाच आवाज कधी इतका स्वच्छ आला नाही. आणि ती फाईल न ऐकता मी तेवीस जणांच्या ग्रुपवर टाकली.

आत्याचा फोन त्यानंतरचा.

उपाय म्हणून दोन्हीकडच्या म्यूटला एकच बटण लावलं. दोन रविवार ठीक गेले. तिसऱ्या रविवारी कधीतरी दोन्हींची चुकामूक झाली. मी बोलत होतो तेव्हा ओबीएस म्यूट, मी म्यूट होतो तेव्हा ते चालू. दीड तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये माझा एकही मुद्दा नाही, फक्त कुकरला किती शिट्ट्या झाल्या त्याची चौकशी. पुणेकर म्हणतो, "बघ, तू हरकत घेतलीच नव्हतीस."

आणखी एक. मीटिंगचं ॲप रेकॉर्डिंग चालू झालं की सगळ्यांना सांगतं. ओबीएस कुणाला काही सांगत नाही. धाकट्या काकांना ते लागलं, "चोरून ऐकतोस होय?" त्यांचं बरोबर होतं. आता सुरुवातीलाच विचारतो, आणि सगळे हो म्हणाले तेसुद्धा रेकॉर्ड होतं. आत्या म्हणते, "कर की, पण माझा खोकला तेवढा काढ."

टिळकवाडीतल्या ओळखीच्या वकिलांनाही विचारून ठेवलं. रेकॉर्डिंग कोर्टापुढं ठेवायचं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश किंमत, म्हणजे फाईल नंतर बदलली का ते ताडायचा आकडा, लिहावी लागते. वर म्हणाले, "ते सगळं राहू दे, वाटणीपत्र रजिस्टर कर आधी." त्यांनी फी घेतली नाही, म्हणून कुंद्याचा पाव किलोचा डबा दिला. खर्चात धरलाय.

एवढं रविवारी लिहून ठेवलं होतं, खाली साडेतीन तारे. आज गुरुवार, आणि थोडं बदलावं लागतंय.

माईकच्या वैतागात मी आवाजाचे ट्रॅक वेगळे केले होते. आउटपुट 'ॲडव्हान्स्ड' करायचं, रेकॉर्डिंगमध्ये १, २, ३वर टिक, मग ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये कुणी कुठं जायचं ते ठरवायचं. एकवर सगळे, दोनवर फक्त मी, तीनवर माझ्याशिवाय सगळे. इअरफोन मात्र हवा, नाहीतर स्पीकरमधलं सगळं परत माझ्या माईकमध्ये शिरतं. ग्रुपवर जायची फाईल आता तीनची, गरज पडली तर दोन माझ्यापाशी. एवढाच हेतू होता.

काल रात्री गेल्या महिन्याची बांधाच्या भांडणाची मीटिंग व्हीएलसीत लावली आणि ऑडिओ ट्रॅक तीनवर नेला. एकवर ऐकलं तर त्या पाच मिनिटांत फक्त मी आहे. मी केवढ्यानं बोलतो ते तोवर मला माहीत नव्हतं. तीनवर मी नाही, आणि मागं आत्या बोलतेय. एकदा नाही, तीनदा. "अरे चिंचेच्या बुडाला दगड हाय की, बाबांनी पुरलेला. त्याच्या अलीकडं आपलं." तिसऱ्यांदा बोलताना तिला खोकला आला आणि ती थांबली.

चार तारे. अर्धा कापलाच असता, कारण एवढे ट्रॅक देणाऱ्या लोकांना मीटिंगचं म्यूट ओळखता येऊ नये हे मला अजून पटत नाही. पण फुकटच्या वस्तूचा अर्धा तारा कापून वाचवायचं काय?

सकाळी रानात जाऊन आलो. चिंचेच्या बुडाला वारूळ आहे. काठीनं एक बाजू उकरली, दगड लागला. अकरा-ई नकाशाचा, म्हणजे वाटणीआधीच्या सरकारी मोजणीच्या नकाशाचा, अर्ज द्यायचाय. सर्व्हेअर येईल तेव्हा आत्याला गाडीत घालून नेणार आणि मोबाईलवर शूट करणार. फोनवर ओबीएस येत नाही.