छपाई चांगली, पण ते हक्काचं पान खटकलं
अमळनेरला घेतली ही श्यामची आई. अक्षर मोठं, आईला चष्म्याशिवाय वाचता येतंय, बांधणीपण मजबूत. पण आत छापलंय "सर्व हक्क प्रकाशकाकडे, कुठलाही भाग छापू नये". अहो साने गुरुजी जून १९५० ला गेले, आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं धरतात म्हणजे २०१० संपलं तसा कॉपीराइटही संपला, मग हे हक्क आले कुठून? प्रस्तावना, चित्रं नवीन असतील तर तेवढीच तुमची, गुरुजींचा मजकूर सगळ्यांचा. पोरीच्या मॅडम ते पान बघून एका गोष्टीची झेरॉक्स काढायला घाबरल्या, तेही जिथे गुरुजींनी स्वतः शिकवलं त्या गावात, फार वाईट वाटलं. दोन स्टार त्यासाठीच कापले. पुढच्या आवृत्तीत ती ओळ काढा.